हार्टची गोळी सुरू केली आणि चिंगीची शुगर वाढली, गोळीमुळेच असेल का?

चिंगीची_आई (पुणे)

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते. आमची चिंगी, पॉमेरेनियन कुत्री, साडेअकरा वर्षांची, वजन सव्वासात किलो. मागच्या दिवाळीच्या सुमारास एकदम खूप पाणी प्यायला लागली, हॉलमध्ये मुतायला लागली, आम्ही आधी बिचारीला ओरडलो आणि मग टेस्ट केली तर शुगर ४६०. तेव्हापासून इन्शुलिन चालू, दोन वेळा ३-३ युनिट, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून गर्भपिशवीचं ऑपरेशन पण करून घेतलं. त्यानंतर सहा-सात महिने सगळं बरं चाललेलं, सकाळची उपाशीपोटी शुगर १८० ते २२०, कधी १६०.

महिन्याभरापूर्वी रात्रीचा खोकला सुरू झाला. घशात काहीतरी अडकल्यासारखा ठसका, शेवटी उलटी काढल्यासारखं करते आणि निघत काहीच नाही. एक्सरे झाला, इको झाला, मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाची एक झडप) लीक आहे, हृदयाची डावी बाजू मोठी झालीय आणि छातीत थोडं पाणी. हार्टची गोळी पिमोबेंडन सकाळ-संध्याकाळ आणि लॅसिक्सची (लघवीवाटे पाणी काढायची) पाव-पाव गोळी दोनदा. आज सोळावा दिवस. खोकला पुष्कळ कमी झालाय, देवाची कृपा, पण शुगर ३१०, ३४५ आणि काल तर ३८०! आणि पाणी विचारूच नका, भांडंच्या भांडं रिकामं करते, रात्री दोनदा खाली न्यावं लागतं, आमची इमारत तिसऱ्या मजल्याची बिनलिफ्टची.

माझ्या नणंदेचा मुलगा जर्मनीत असतो, त्याने तिकडचं पिमोबेंडनचं पत्रक वाचून सांगितलं की डायबेटिस असलेल्या कुत्र्यांची शुगर नियमित तपासा असं त्यात चक्क लिहिलंय. म्हणजे कंपनीलाच माहितीये ना? मग आता ती गोळी बंद करू का, का इन्शुलिन ४ युनिट करू? आमचे डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी येणार. कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा, रात्री झोप लागत नाहीये.

लॅबवाला_नाशिक

ताई पहिली गोष्ट, हार्टची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. छातीत पाणी झालेलं कुत्रं आहे, दोन दिवसांत परत भरेल. शुगर ३८० वर चार दिवस राहिली तरी चालते, श्वास चार तास अडला तर नाही चालत. आणि इन्शुलिन पण सोमवारपर्यंत आहे तेवढंच ठेवा.

आता थोडं विचारतो. मीटर माणसांचं आहे का? शुगर किती वाजता बघता, आधी बघायचा त्याच वेळेला का? सिरिंज बदलली का मधे? हे विचारायचं कारण म्हणजे आमच्या ब्रुनोच्या वेळी मेडिकलवाल्याकडे लाल टोपीच्या संपल्या म्हणून त्याने नारिंगी टोपीच्या दिल्या, म्हणजे मिलीला ४० युनिटच्या बाटलीला १०० युनिटची सिरिंज. तितक्याच रेघांना निम्म्याहून कमी औषध जात होतं आणि आम्ही घरभर बसून कशाकशाला दोष देत होतो. आणि हार्टच्या दोन सोडून अजून काही औषध चालू आहे का? खोकल्याचं वगैरे?

बोक्याचा_बाप (ठाणे)

माझा अनुभव मांजराचा आहे आणि गोळी पण वेगळी, पण लिहितोच कारण विषय तोच आहे. आमचा बोका, नाव गुंड्या, ९ वर्षं, हृदयाचा स्नायू जाड झालेला, ठोके फार म्हणून एटेनोलॉल चालू होतं, २५ एमजीच्या गोळीचा चौथा भाग. तो चौथा भाग करणं ही पण एक कला आहे, ब्लेडने केलं तरी एक तुकडा मोठा, एक चुरा. नंतर त्याला शुगर निघाली. इन्शुलिन सुरू करताना परळच्या बैलघोडा जनावरांच्या दवाखान्यात एकदा दाखवून आलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बजावलेलं की या गोळीवर असलेल्या प्राण्याची शुगर खाली गेली तर नेहमीच्या खुणा दिसतीलच असं नाही, थरथर नाही, छाती धडधडणं नाही. मी मान डोलावली आणि विसरलो, खरं सांगतो.

दोन महिन्यांनी एका दुपारी गुंड्या वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसला. तो कधीच तिथे बसत नाही. हाक मारली तर बघतोय पण ओळखत नाहीये असं काहीतरी, डोळ्यांची बुबुळं मोठी. थरथर शून्य, छातीवर हात ठेवला तर ठोके एकदम शांत, म्हणून मला वाटलं झोपाळलाय. बायको म्हणाली शुगर बघ. ४२! हिरड्यांना मध चोळला, पाच-सात मिनिटांनी मान उचलली, परत बघितली ६८, मग खायला घातलं आणि रिक्षा करून दवाखाना. तिथे कळलं की त्याची इन्शुलिनची गरजच कमी होत चालली होती, मांजरांमध्ये डायबेटिस चक्क परतू शकतो म्हणे, आणि आम्ही तोच डोस टोचत होतो.

म्हणून मी आता कुठल्याही हार्टच्या गोळीला दोन प्रश्न विचारतो, शुगर बदलते का आणि शुगरच्या खुणा झाकते का. दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. चिंगीला एटेनोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल नाहीये ना? नसेल तर हे तुम्हाला लागू नाही, पण पुढे कधी सुरू केलं तर लक्षात असू द्या.

चिंगीची_आई

थँक्यू दोघांना. गुंड्याचं वाचून काटा आला अंगावर, आता बरा आहे ना तो? नाही, चिंगीला ती गोळी नाहीये.

दादा तुमचे प्रश्न. मीटर माणसांचंच, सासऱ्यांचं जुनं. सिरिंज लालच आहे, आत्ता जाऊन बघून आले. वेळ म्हणाल तर आधी सात वाजता उठल्या उठल्या बघायचे, मग खाणं, मग लगेच इन्शुलिन. आता पिमोबेंडन उपाशीपोटी द्यायची, खायच्या तासभर आधी, त्यामुळे सकाळी नुसती पळापळ होते. सातला गोळी, इन्शुलिनची वेळ चुकू नये म्हणून तेही सातलाच, आठला खाणं, मग मुलाचा डबा, आणि शुगर बघायला साडेनऊ होतात. म्हणजे खाल्ल्यानंतरची येतेय का ही? लिहिताना आत्ता लक्षात आलं.

आणि अजून एक, सांगायला जरा लाज वाटतेय. खोकला नवीन होता तेव्हा, इकोच्या आधी, दुसऱ्या एका दवाखान्यात दाखवलेलं, तिथे पाच दिवसांच्या छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. त्यातल्या सात-आठ उरल्या. त्याने खोकल्याला छान आराम पडायचा म्हणून रात्री ठसका लागला की अर्धी देते मी अजून. स्ट्रिपवर प्रेडनिसोलोन लिहिलंय.

लॅबवाला_नाशिक

अहो ताई!! स्टिरॉइड आहे ते. इथे एक डॉक्टर येत असतात, त्यांना बोलावतो, थांबा. डॉक्टरसाहेब जरा बघता का?

गुरांचा_डॉक्टर (सांगली)

आलो. मी मुळात गाई-म्हशींचा डॉक्टर, पण तालुक्याला कुत्र्यांसाठी वेगळा डॉक्टर कुठून आणणार, त्यामुळे वीस वर्षं ते पण बघतोय. पेशंट बघितलेलं नाही, म्हणून डोस कोणाला सांगणार नाही, बाकी बोलू.

प्रेडनिसोलोन आजपासून हातात घेऊ नका आणि किती दिवस किती दिलं ते आज रात्रीच फोनवर तुमच्या डॉक्टरांना सांगा, सोमवारची वाट नको. बाहेरगावी असले तरी फोन उचलतील. स्टिरॉइड लिव्हरला साखर बनवायला लावतं आणि इन्शुलिनचा असर दाबतं, डायबेटिक कुत्रीला अर्धी-अर्धी गोळी अधूनमधून दिली तरी आकडा वर जातो. वर ते अंगात पाणी धरून ठेवू शकतं, म्हणजे लॅसिक्स पाणी काढतंय आणि तुम्ही रात्री परत भरताय. आता मुद्दा बघा, समजा तुम्ही ३८० बघून इन्शुलिन ४ केलं असतं. आठवड्याने त्या गोळ्या संपल्या असत्या, स्टिरॉइडचा जोर उतरला असता आणि तेच ४ युनिट तिला जड झालं असतं, बोक्यासारखी कुठेतरी कोपऱ्यात सापडली असती. म्हणून कारण सापडल्याशिवाय इन्शुलिनला हात लावायचा नाही असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो.

आता पिमोबेंडन. पत्रकातलं वाक्य खरं आहे, डायबेटिस असेल तर शुगर नियमित तपासा एवढंच आहे ते, गोळी देऊ नका असं नाही. त्यामागचा पुस्तकातला तर्क सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या पॅऱ्यावर जा. ही गोळी हृदयात फॉस्फोडायएस्टरेज ३ नावाचं एन्झाइम अडवते आणि हृदयाच्या स्नायूला कॅल्शियमबाबत जास्त जागं करते, त्यामुळे आकुंचन जोरात आणि रक्तवाहिन्या सैल. त्याच जातीचं एन्झाइम चरबीत आणि लिव्हरमध्ये पण असतं आणि इन्शुलिन आपलं काम काही प्रमाणात त्याच्यातूनच करून घेतं. ते अडवलं तर इन्शुलिनच्या कामात थोडी खीळ बसायची शक्यता. ज्याचं स्वादुपिंड चांगलं आहे त्याच्यात उलट तिथून इन्शुलिन थोडं जास्तही सुटू शकतं, फिट्टंफाट. डायबेटिक कुत्र्याचं स्वादुपिंड सहसा इन्शुलिन बनवायचं सोडूनच बसलेलं असतं, त्यामुळे ती भरपाई नाही. म्हणून तपासा म्हणतात. पण माझ्या बघण्यात निव्वळ या गोळीने शुगर दुप्पट झालेली कुत्री नाही, आणि हृदयासाठी तिचा फायदा पक्का आहे. २०१६ साली एपिक नावाची मोठी चाचणी छापून आली, ३६० कुत्री, व्हॉल्व्ह लीक आणि हृदय मोठं झालेलं पण अजून पाणी न झालेलं, त्यांच्यात या गोळीने हार्ट फेल व्हायची वेळ सरासरी पंधरा महिने पुढे ढकलली. तुमची त्या पुढच्या पायरीवर आहे, तिथे तर ही गोळी लागतेच.

लॅसिक्सबद्दल. पाणी जास्त पिणं आणि मुतणं ही तुमची आतापर्यंतची शुगरची खूण होती, ती आता विसरा. लॅसिक्सवर प्रत्येक कुत्रं पितं आणि मुततं, शुगर ९० असली तरी. पाणी काढून घेऊ नका मात्र, कोणीतरी शेजारी सल्ला देईल रात्री भांडं उचला म्हणून. लघवीतली शुगर बघायची पट्टी पण लॅसिक्सवर फिकी पडते कारण लघवी पातळ होते. दुसरं म्हणजे लॅसिक्स पोटॅशियम बाहेर काढतं, आणि इन्शुलिन पोटॅशियम रक्तातून पेशींमध्ये ढकलतं, दोघं मिळून पोटॅशियम पाडतात, मग कुत्रं मलूल होतं, मान टाकतं, खात नाही. आणि खात नाही म्हटलं की इन्शुलिनचा प्रश्न उभा. म्हणून सोमवारी किडनी आणि पोटॅशियमची टेस्ट मागून घ्या, शुगरच्या आकड्याइतकीच ती महत्त्वाची आहे. किडनी मंदावली तर इन्शुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं हे पण आहे.

सगळ्यात आधी सुधारायची गोष्ट तुमचं सकाळचं वेळापत्रक. इन्शुलिन सातला आणि खाणं आठला, ही मला ३८० पेक्षा जास्त भीतीची गोष्ट वाटते. हार्टचं कुत्रं आहे, एखाद्या दिवशी तोंड फिरवेल, तोपर्यंत सुई टोचून झालेली. गोळी आधी, तासाने खाणं, ताटली संपलेली डोळ्यांनी बघायची आणि मग सुई. निम्मंच खाल्लं किंवा ओकली तर काय करायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजला चिकटवा. शुगर मात्र खायच्या आधीच बघा, आधीच्या आकड्यांशी ताडता आली पाहिजे, सातचा आकडा आणि साडेनऊचा आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही.

मीटरबद्दल एवढंच की माणसांचं मीटर कुत्र्यात बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. रोजचा चढउतार बघायला चालतं, एकेक आकड्यावर जीव टांगू नका. तीन आठवड्यांनी फ्रुक्टोसामीनची रक्ततपासणी करून घ्या, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशोब दिसतो.

आणि झोपलेली असताना पोट वर-खाली होतं ते मिनिटभर मोजा. तीसच्या आत हवं. रोज वाढत चाललंय असं दिसलं तर सोमवार-बिमवार काही नाही, सरळ मिळेल तो दवाखाना गाठा.

नवीन_सभासद_कोल्हापूर

मधेच विचारतो, माझ्या वडिलांना हार्ट फेल्युअरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन दिलंय आणि ती तर मुळात शुगरची गोळी आहे असं केमिस्ट म्हणाला. म्हणजे एकाच गोळीत हार्ट पण आणि शुगर पण. मग कुत्र्यांना ती का देत नाहीत? इन्शुलिनची सुई वाचेल.

गुरांचा_डॉक्टर (सांगली)

प्रश्न चांगला आहे पण घरी प्रयोग करू नका, हात जोडून सांगतो. त्या जातीच्या गोळ्या शुगर लघवीतून बाहेर काढतात, इन्शुलिनची जागा घेत नाहीत. डायबेटिक कुत्र्याकडे स्वतःचं इन्शुलिन जवळजवळ नसतं. सुई बंद करून ही गोळी दिली तर रक्तातली शुगर कागदावर छान दिसेल आणि आत कीटोन (इन्शुलिनअभावी चरबी जळून होणारी आम्लं) साठत जातील, कुत्रं आकडा बरा असतानाच मरायला टेकेल. मांजरांसाठी मात्र त्याच कुळातलं पहिलं औषध अमेरिकेत २०२२ च्या शेवटी मंजूर झालं, ते पण आधी कधीच इन्शुलिन न घेतलेल्या आणि बाकी ठणठणीत असलेल्या मांजरांनाच.

आणि हार्ट आणि डायबेटिस एकत्र आले की आम्हा डॉक्टरांना घाम का फुटतो ते पण सांगून टाकतो. कीटोन झालेल्या कुत्र्याला सलाईन भरभरून लागतं, हार्टच्या कुत्र्याला सलाईन भरभरून दिलं तर फुप्फुसं भरतात. एकाचा इलाज दुसऱ्याच्या जिवावर उठतो. म्हणून तिथपर्यंत जाऊच द्यायचं नाही.

बोक्याचा_बाप (ठाणे)

डॉक्टर, कॅल्शियम अडवणाऱ्या हार्टच्या गोळ्यांचं काय? गुंड्याला आता एटेनोलॉल बंद करून डिल्टियाझेम दिलंय.

गुरांचा_डॉक्टर (सांगली)

नेहमीच्या डोसला शुगरवर फारसं काही नाही, दिलंय तसं चालू द्या. पण पानाच्या पान खाल्लं तर गोष्ट वेगळी. स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटायला त्या पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं, या गोळ्या तेच दार बंद करतात, त्यामुळे ओव्हरडोसमध्ये शुगर चढते आणि ठोके मंदावतात. गंमत म्हणजे तिथे उतारा म्हणून भरपूर इन्शुलिन आणि बरोबर ग्लुकोज देतात, माणसांना पण, आणि त्यावरचे सुरुवातीचे प्रयोग कुत्र्यांवर झालेले. गोळ्या मांजराच्या पंजाला लागणार नाहीत अशा ठेवा एवढंच.

चिंगीची_आई

अपडेट द्यायला बारा दिवस लागले, माफी असावी. त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला, पांढऱ्या गोळ्यांचं ऐकून दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले टाकून द्या, इन्शुलिन ३ च ठेवा. सोमवारी टेस्ट झाल्या, किडनी ठीक, पोटॅशियम खालच्या बाजूला होतं पण औषध लागेल इतकं नाही. सकाळची वेळ बदलली, सहाला गोळी (ह्यांनी अलार्म लावलाय, मी उठणार नाही असं स्पष्ट सांगितलं), सातला शुगर, मग खाणं, मग ताटली बघून सुई. झोपेत श्वास २४-२६ येतो, मी तर आता टीव्हीसमोर बसून पण तिचं पोट मोजत असते.

आकडे म्हणाल तर चार-पाच दिवसांनी ३०० च्या खाली आले, मग २६० ला येऊन अडकले ते अडकलेच. परवा डॉक्टरांनी विचारलं गोळी कशात देता? मी म्हटलं पिठाच्या गोळीत, चण्याएवढ्या. संध्याकाळची कोण देतं? म्हटलं सासूबाई, मी ऑफिसात असते. घरी येऊन विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, गुळाच्या खड्यात. नुसत्या पिठात ती ओळखते, थुंकते, गुळात बरोबर जाते. आणि गोळी गेली की वर अजून एक खडा, शहाण्यासारखी खाल्ली म्हणून. लॅसिक्सला पण तेच. म्हणजे रोज चार खडे, मी हाताने मोजून बघितले, सुपारीएवढा एकेक.

काल सकाळी १९८. सासूबाई रागावल्यात माझ्यावर, म्हणतायत एवढ्याशा गुळाने काय होतंय, आमच्या वेळी कुत्र्यांना शुगर नव्हती.

लॅबवाला_नाशिक

😂😂 उकडलेल्या चिकनच्या दोन तंतूंत गुंडाळून द्यायला सांगा, अगदी नखाएवढं, नाहीतर उपाशीपोट राहत नाही. आणि त्या सुपारीएवढ्या खड्यांचा डबा वरच्या फळीवर.

चिंगीची_आई

आमच्याकडे सासूबाई असताना चिकन घरात येत नाही हो दादा. पनीर चालेल का?

गुरांचा_डॉक्टर (सांगली)

चालेल. बिनमिठाचं, घरचं, नखाएवढंच. हार्टचं कुत्रं आहे, खारं नको.